गोल आहे, त्रिकोण नाही: एका रात्रीत गेलेल्या कानाची केस

कानाच्या डॉक्टरांसाठी सीएमई, म्हंजे प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठीचं शिक्षणाचं सत्र, ठेवायची म्हटलं की विषयांची यादी कशी बनते हे ज्यांनी कधी आयोजन केलंय त्यांना चांगलं माहितीये. इम्प्लांटचे नवीन इलेक्ट्रोड, एंडोस्कोपने कानाची सर्जरी, जन्मजात बहिरेपणावरची ओटोफर्लिनची जीन थेरपी, हे सगळं आधी येतं आणि ट्यूनिंग फोर्कवर (ठोकला की ठराविक सूर देणारा धातूचा काटा) सेशन ठेवूया म्हटलं की लोक हसतात, ते काय एमबीबीएसला झालंय ना म्हणतात. तरी आम्ही एक अख्खी दुपार एकाच केसवर घालवली, आणि त्या केसचा निकाल शेवटी लागला एका फोर्कवर आणि ऑडिओग्रामवरच्या, म्हंजे ऐकण्याच्या तपासणीच्या ग्राफवरच्या, एका छोट्या चिन्हावर. म्हणून सविस्तर लिहितोय. केस शिकवण्यासाठी दोन-तीन सारख्या पेशंट्सवरून जोडून बनवलेली आहे, त्यामुळे कोण, कुठले हे शोधायला जाऊ नका.

तर पेशंट बाई, वय ४६, डायबेटिस आहे, गोळ्या चालू, कानाची आधी काहीही तक्रार नाही. आठवडाभरापूर्वी साधी सर्दी होऊन गेलेली. एके दिवशी सकाळी उठल्या तर उजव्या कानाला दडा बसलेला आणि आत सतत सूंऽऽ असा आवाज. पहिल्या दिवशी चालताना जरासं तोल गेल्यासारखं वाटलं पण गरगरलं नाही, उलटी नाही. दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी कानात बघितलं, थोडा मळ होता, पडदा अर्धाच दिसत होता, सर्दीची हिस्ट्री होतीच. मळ विरघळायचे ड्रॉप, नाकात टाकायचे ड्रॉप, ॲलर्जीची गोळी, पाच दिवसांनी दाखवा. यात त्या डॉक्टरांना नावं ठेवण्यासारखं मला फार काही दिसत नाही, सर्दी प्लस मळ प्लस बंद कान म्हटल्यावर शंभरातले बहुतेक कान तसेच निघतात.

सहाव्या दिवशी फरक नाही म्हणून ईएनटीकडे. मळ काढला, पडदा एकदम स्वच्छ, हलतोही व्यवस्थित. ५१२ हर्ट्झचा फोर्क घेऊन रिने केली, उजवीकडे निगेटिव्ह, म्हंजे कानामागच्या हाडावर फोर्क ठेवला की जास्त ऐकू येतो आणि कानासमोर धरला की कमी. केसपेपरवर तसं लिहिलेलं आहे. वेबरचं (फोर्क कपाळावर ठेवून आवाज कुठल्या कानात येतो ते विचारायची टेस्ट) काहीच लिहिलेलं नाही, केली की नाही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ऑडिओग्राम झाला: उजव्या कानाचं एअर कंडक्शन (हेडफोनमधून ऐकणं) सगळ्या फ्रिक्वेन्सीला ६० ते ६५ डेसिबल, बोन कंडक्शन (हाडावरच्या व्हायब्रेटरने ऐकणं) १० ते १५, डावा कान नॉर्मल; आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. टिंपॅनोग्राम (पडदा कसा हलतो त्याची टेस्ट) ए टाइप, म्हंजे नॉर्मल. रिपोर्टवर खाली टाइप केलेलं, उजव्या कानात कंडक्टिव्ह लॉस, म्हंजे आवाज आतल्या कानापर्यंत पोचायच्या वाटेतच अडतोय. मग साहजिकच ट्यूब (नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी) ब्लॉक असेल, नाकाचा स्टिरॉइड स्प्रे मारा, नाक दाबून हवा भरायचा व्यायाम करा, दोन आठवड्यांनी या.

सेशनमध्ये आम्ही केस इथे थांबवली. सगळ्यांच्या हातात सातव्या दिवसापर्यंतचे कागद दिले, केसपेपर, ऑडिओग्राम, टिंपॅनोग्राम, आणि सांगितलं की बोलायचं नाही, आधी स्वतःच्या हाताने डायग्नोसिस आणि पुढची एकच स्टेप लिहा आणि कागद उलटा ठेवा. हे लिहून घेणं महत्त्वाचं आहे कारण उत्तर कळल्यावर प्रत्येकालाच वाटतं की आपल्या डोक्यात तेच होतं.

कागद उलटल्यावर बहुतेकांनी मधल्या कानात पाणी किंवा ट्यूब लिहिलेलं, काहींनी ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातलं स्टेप्स नावाचं बारीक हाड जाम होणं), एकदोघांनी हाडांची साखळी निखळलीय असं. म्हंजे खोलीतले जवळपास सगळे डॉक्टर कंडक्टिव्हच्या आतच भांडत होते. मागच्या रांगेत ऑडिओलॉजिस्ट, म्हंजे ऐकण्याच्या तपासण्या करणारे, बसले होते, त्यांच्यापैकी काहींनी डायग्नोसिसच्या जागी फक्त प्रश्न लिहिला होता, मास्किंग कुठाय? (ऑडिओलॉजिस्ट नेहमी मागेच का बसतात हा वेगळा विषय आहे, पण बसतात खरं.)

आता त्या ऑडिओग्रामकडे नीट बघा. उजव्या कानाच्या एअरसाठी लाल गोल काढलेत. मास्किंग करून घेतलेलं उत्तर असतं तर तिथे त्रिकोण असता. बोनसाठी टोकदार कंस आहे, मास्किंग केलं असतं तर चौकोनी कंस असता. सगळ्या कागदावर एकही त्रिकोण नाही, एकही चौकोनी कंस नाही. म्हंजे चांगल्या डाव्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवून न ठेवता उजवा कान तपासला गेलाय, आणि मग उत्तर नक्की कोणता कान देतोय हे कुणालाच माहिती नाही.

बोनचं तर सरळच आहे. व्हायब्रेटर उजव्या कानामागे ठेवा नाहीतर कपाळावर ठेवा, कवटी सगळीच थरथरते आणि आवाज दोन्ही कॉक्लियाला (आतल्या कानातला ऐकणारा भाग) जवळजवळ सारखाच पोचतो, त्यामुळे ते १० ते १५ हे डाव्या कानाचं उत्तर आहे. एअरचं थोडं फसवं. कानावर बसणाऱ्या साध्या हेडफोनमधून आवाज वाढवत नेला की साधारण ४० डेसिबलच्या पुढे तो कवटीतून पलीकडे गळायला लागू शकतो, बऱ्याच जणांत ५० ते ६० ला गळतो. आता डावा कॉक्लिया १० ला ऐकतो, वाटेत ५० खर्ची पडले, म्हंजे उजव्या हेडफोनमध्ये ६० आला की बाई बटन दाबणार. प्रामाणिकपणे दाबणार, कारण त्यांना खरंच ऐकू आलंय, फक्त डावीकडून. यालाच शॅडो कर्व्ह म्हणतात, चांगल्या कानाची सावली मेलेल्या कानाच्या जागी ग्राफवर पडते. आणि सावली पडली की ६० आणि १० च्या मध्ये ५० चा सुंदर एअर-बोन गॅप दिसतो, अगदी पुस्तकातल्या कंडक्टिव्हसारखा.

रिनेचंही तेच. हाडावर ठेवलेला फोर्क डाव्या कॉक्लियाने ऐकला, कानासमोरचा ऐकला नाही, म्हणून निगेटिव्ह. फॉल्स निगेटिव्ह रिने हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे, सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलाय, आणि तरी ओपीडीत त्याने माणसं फसतात कारण ऑडिओग्राम त्याच्याशी जुळतो. दोन टेस्ट एकमेकींना दुजोरा देतात असं वाटतं, पण दोन्ही एकाच चुकीच्या कानाला विचारतायत, त्यामुळे तो दुजोरा नाहीच, एकच चूक दोनदा छापलीय.

मग सुटका कशाने होते? पहिली गोष्ट, नुसता विचार करून. पूर्ण साखळी तुटली तरी कंडक्टिव्ह लॉस साधारण ६० डेसिबलच्या वर जात नाही, आणि मधल्या कानातलं नुसतं पाणी ५० चा सपाट गॅप सहसा देत नाही, शिवाय पाणी असतं तर टिंपॅनोग्राम बी टाइप, म्हंजे सपाट, आला असता. ए टाइप टिंपॅनोग्राममध्ये एवढा गॅप द्यायला ओटोस्क्लेरोसिस लागतो, आणि स्टेप्स काही एका रात्रीत जाम होत नाही. बरं, कानाला मार लागल्याची हिस्ट्री नाही, पडद्यात काही नाही. म्हंजे आहे त्या कागदांवरच गोष्ट जुळत नव्हती.

दुसरी, ॲकॉस्टिक रिफ्लेक्स, म्हंजे मोठा आवाज आला की मधल्या कानातला स्नायू आपोआप आवळतो तो. ते त्या दिवशी केलेच नव्हते, मशीनमध्ये सोय होती तरी. प्रोब उजव्या कानात ठेवून आवाज डाव्या कानात दिला असता तर उजवीकडे रिफ्लेक्स दिसला असता, आणि ज्या कानात प्रोब आहे त्या कानात खराखुरा कंडक्टिव्ह लॉस असेल तर रिफ्लेक्स सहसा दिसत नाही. मिनिटभराचं काम आहे. माझं वैयक्तिक मत, टिंपॅनोमेट्री करून रिफ्लेक्स न करणं म्हंजे दार उघडून आत न जाणं, पण यावर सेशनमध्ये वाद झाला, गर्दीच्या ओपीडीत वेळ कुठाय म्हणणारे होते आणि त्यांचंही पूर्ण खोटं नाही.

तिसरी, वेबर. अकराव्या दिवशी बाई ठरलेल्या तारखेच्या आधीच परत आल्या कारण कानातल्या आवाजाने झोप लागेना, आणि त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी फोर्क गुडघ्यावर मारून कपाळाच्या मधोमध ठेवला. कुठे ऐकू येतंय? बाईंनी डाव्या कानाकडे बोट केलं. परत केलं, तेच. उजवीकडे कंडक्टिव्ह असता तर आवाज उजवीकडे ओढला गेला पाहिजे होता. रिने उजवीकडे निगेटिव्ह आणि वेबर डावीकडे, ही जोडी आली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो लॉस सेन्सोरीन्यूरल, म्हंजे आतल्या कानाचा किंवा नसेचा, धरायचा. वेबरने ही टेस्ट १८३४ ला सांगितली आणि रिनेने त्याची १८५५ ला, म्हंजे दोन्ही ऑडिओमीटरच्या कितीतरी आधीच्या, आणि दोन्ही एकत्र केल्या तरच कामाच्या. फोर्क हाताशी नसेल तर पेशंटला तोंड मिटून गुणगुणायला सांगायचं, आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो ते विचारायचं, तत्त्व तेच. हे फोनवरही जमतं.

त्याच दिवशी मास्किंग करून ऑडिओग्राम परत. उजवा एअर ८० ते ९०, बोनला मशीनच्या कमाल आवाजापर्यंत उत्तर नाही. गॅप गायब. म्हंजे सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस, आणि घड्याळ अकरा दिवसांपासून चालू होतं.

इथे सेशनमधल्या एका सीनियर मॅडमनी थांबवून बरोबर प्रश्न विचारला, की चालताना तोल गेला होता ना, मग डोळे कुणी तपासले? सडन लॉसबरोबर चक्कर असेल तर मेंदूच्या मागच्या भागाचा स्ट्रोक डोक्यात असलाच पाहिजे, कारण आतल्या कानाचा रक्तपुरवठा करणारी बारीक धमनी बहुतेकदा ॲन्टीरियर इन्फीरियर सेरेबेलर आर्टरीतून येते आणि कान त्या स्ट्रोकचं पहिलं लक्षण असू शकतो. या बाईंना निस्टॅग्मस (डोळ्यांची आपोआप होणारी झटकेदार हालचाल) नव्हता, चालणं नॉर्मल होतं, बाकी नसा ठीक होत्या. हे अकराव्या दिवशी नोंदवलं गेलं, सहाव्या दिवशी नोंदवायला हवं होतं.

ट्रीटमेंटचा भाग सगळ्यांना पाठ होता त्यामुळे पटकन सांगतो. अमेरिकन ॲकॅडमीची २०१९ ची गाइडलाइन सुरुवातीचा स्टिरॉइड लक्षणं सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत देता येईल म्हणते, आणि सुधारणा अपुरी असेल तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन. अँटीव्हायरल, रक्त पातळ करणारी, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं रूटीन देऊ नका, डोक्याचा सीटी रूटीन करू नका, रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी लावू नका, पण आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेसाठी एमआरआय किंवा एबीआर (आवाजाला नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात त्याची टेस्ट) करा. बाईंना डायबेटिस असल्याने तोंडाने ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हंजे शुगर भडकणार, म्हणून पडद्यातून मिथाइलप्रेडनिसोलोन देण्याचा निर्णय झाला. याला आधार आहे, जामा या मेडिकल जर्नलमधल्या २०११ च्या २५० पेशंटच्या ट्रायलमध्ये पडद्यातली चार इंजेक्शन्स तोंडाच्या कोर्सपेक्षा कमी पडली नव्हती. एकाने स्टिरॉइडच्या हाय डोसचं काय विचारलं, तर २०२४ ला आलेल्या जर्मनीच्या होडोकोर्ट ट्रायलमध्ये हाय डोसने जास्त फायदा दिसला नाही. तो विषय तिथेच संपला.

दोन आठवड्यांत चार इंजेक्शन्स झाली. एमआरआय नॉर्मल, श्वानोमा (नसेवरची गाठ) नाही. शेवटच्या ऑडिओग्रामला लो फ्रिक्वेन्सी ४५ ते ५० वर आल्या, हाय फ्रिक्वेन्सी ७० च्या आसपासच राहिल्या, शब्द ओळखणं निम्म्याच्याही खाली. कानातला सूं आवाज कमी झाला पण गेला नाही. सहा महिन्यांच्या आत परत टेस्ट, हिअरिंग एडची ट्रायल, आणि एडने शब्द कळले नाहीत तर क्रॉस एड (खराब बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारा), इथपर्यंत बाईंशी मोकळेपणाने बोलणं झालं.

आता जो प्रश्न येणार होता तो आला, पहिल्या दिवशीच पकडलं असतं तर कान वाचला असता का? आणि इथे मला वाटतं शिकवणाऱ्याने जपून बोललं पाहिजे. ही अवस्था बऱ्याच जणांत आपोआपही सुधारते, दोन आठवड्यांत अंदाजे एकतृतीयांश ते दोनतृतीयांश असा आकडा कायम दिला जातो, आणि स्टिरॉइडचा पुरावा आपण ओपीडीत ज्या ठामपणे बोलतो तेवढा मजबूत नाही. सुरुवातीलाच एवढा खोल लॉस असेल तर तसंही भवितव्य कमी चांगलं असतं. त्यामुळे दहा दिवस वाया गेले म्हणून कान गेला असं म्हणणं खोटं आहे. एवढंच म्हणता येतं की बाईंना जो पर्याय पहिल्या आठवड्यात मिळायला हवा होता तो अकराव्या दिवशी मिळाला, आणि अजून चार दिवस गेले असते तर दोन आठवड्यांची खिडकीही गेली असती. ठरलेली तारीख पाळली असती तर एकविसावा दिवस उजाडला असता. आवाजाने झोप उडाली म्हणून त्या आधी आल्या, सिस्टिमने बोलावलं म्हणून नाही.

आणि या दुपारचा माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका भाग म्हंजे पोस्ट-टेस्ट. क्रेडिटसाठी ती घ्यावीच लागते, त्यात सडन सेन्सोरीन्यूरल लॉसची व्याख्या विचारली होती: लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सीला किमान ३० डेसिबलचा लॉस, ७२ तासांच्या आत. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर. त्याच लोकांनी दोन तासांपूर्वी त्याच आजाराचा पेशंट हातात असताना ट्यूब ब्लॉक लिहिलं होतं. म्हंजे ज्ञान कमी नव्हतंच. व्याख्या लागू करायला आधी लॉस सेन्सोरीन्यूरल आहे हे कळावं लागतं, आणि अडलं होतं ते तिथे. अशा माणसांना परत त्याच गाइडलाइनच्या चाळीस स्लाइड दाखवून काय होणार? १९९९ च्या जामामधल्या डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यातही हेच निघालं होतं की नुसत्या लेक्चरने डॉक्टरांची प्रॅक्टिस बदलत नाही, हाताने काहीतरी करायला लावणाऱ्या सेशनने बदलू शकते. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली आणि आपण अजून लेक्चरच बुक करतोय, कारण लेक्चरला वक्ता मिळतो, स्पॉन्सर मिळतो आणि तासांचा हिशोब सोपा जातो.

म्हणून शेवटच्या तासाला स्लाइड बंद केल्या. प्रत्येक डॉक्टरला ऑडिओलॉजिस्टबरोबर जोडीने बसवलं, डॉक्टरने हेडफोन घालायचे, एका कानात इअरप्लग घालून वर दाबून धरायचा, आणि आधी मास्किंगशिवाय, मग मास्किंग लावून स्वतःचा ग्राफ काढून घ्यायचा. प्लगने होणारा लॉस कंडक्टिव्हच असतो त्यामुळे ही मेलेल्या कानाची नक्कल नाही हे आधीच सांगितलं होतं, पण दुसऱ्या कानात गोंगाट सुरू झाला की काय वाटतं, त्या गोंगाटात बारीक टोन शोधताना पेशंट का गोंधळतो, आणि कंटाळलेला टेक्निशियन ही पायरी का गाळतो, हे सगळं त्यांच्या पाच मिनिटांत ध्यानात आलं. एक सर्जन तर म्हणाले की मी हजारो ऑडिओग्राम वाचले पण मास्किंग ऐकलं आज. मला यात नवल वाटलं नाही, आमच्या ट्रेनिंगमध्ये त्या खोलीत बसवतच नाहीत.

निघताना कुणाकडून शपथा घेतल्या नाहीत, तीन साधी कामं दिली. आपापल्या क्लिनिकमध्ये जाऊन एका कानात मोठा एअर-बोन गॅप असलेले मागचे ऑडिओग्राम काढा आणि चिन्हं बघा, गोल आहेत की त्रिकोण. १० डेसिबलपेक्षा जास्त गॅप दिसतोय आणि बोनला मास्किंग नाही, तर तो रिपोर्ट अर्धा आहे, खोलीबाहेर जायला नको होता. दुसरं, तारखा टिपायच्या, तक्रार कधी सुरू झाली आणि मास्किंग केलेला ऑडिओग्राम कधी झाला. गाइडलाइन म्हणते शक्य तितक्या लवकर आणि १४ दिवसांच्या आत. तिसरं, फोन उचलणाऱ्या माणसालाही एक वाक्य शिकवायचं: कान अचानक एका-दोन दिवसांत बंद झाला म्हणत असतील तर पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची नाही, आजची किंवा उद्याची द्यायची. या तिसऱ्या गोष्टीला खर्च शून्य आहे आणि तीच सगळ्यात कमी जणांनी केली, असं नंतरच्या कॉलवर कळलं.

त्या कॉलवर तीन महिन्यांनी जे आले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मास्किंग नसलेले रिपोर्ट सापडले होते, बहुतेक निरुपद्रवी, खरोखर मधल्या कानातलं पाणी वगैरे. एकाला मात्र असा सापडला की एका कानात गॅप, ए टाइप टिंपॅनोग्राम, डायग्नोसिस ओटोस्क्लेरोसिस आणि स्टेपेडॉटमीची (त्या जाम हाडाच्या ऑपरेशनची) तारीख ठरलेली. पेशंटला बोलावून वेबर केली, चांगल्या कानाकडे गेली. मास्किंग करून बोन घेतलं तर उत्तर नाही. लहानपणी गालगुंड झाल्याची हिस्ट्री, ज्याने एक कान असा कायमचा जाऊ शकतो, तेव्हा पहिल्यांदा विचारली गेली. ऑपरेशन रद्द केलं, आणि ऑपरेशनच्या आधीच्या चेकलिस्टवर आता मास्किंग केलेल्या ऑडिओग्रामची आणि वेबरच्या निकालाची अशा दोन ओळी वाढल्यात.